दिव्यांग प्रमाणपत्रापासून निराधारच्या पगारापर्यंत: एवढा वेळ नक्की कुठे जातो आणि अपील कधी, कुठे करायचं

"अर्ज करून एवढे महिने झाले, पगार कधी सुरू होणार ताई?" निराधारच्या (दर महिन्याला सरकारी अनुदान देणारी योजना, त्या अनुदानालाच लोक पगार म्हणतात) फाइली भरायला मी मदत करते हे कळल्यापासून हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतंच, आणि एका वाक्यात याचं उत्तर देता येत नाही म्हणून एकदा सगळं बैजवार लिहून काढतेय. लिहितेय ते महाराष्ट्रापुरतं. प्रमाणपत्राचा कायदा देशभर एकच आहे पण पेन्शनची योजना प्रत्येक राज्याची वेगळी असते, गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे तिचे नियम वेगळे, त्यामुळे तिकडच्या लोकांनी प्रमाणपत्राचा भाग वाचा आणि पुढचं तिकडच्या समाजकल्याण खात्यात विचारा.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की हा एक अर्ज नाहीच. तीन वेगळ्या ठिकाणी तीन वेगळी कामं आहेत आणि ती एकामागून एकच होतात. पहिलं काम सरकारी हॉस्पिटलात, तिथून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, मिळतं. दुसरं तहसीलला, तिथे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज मंजूर होतो. तिसरं बँकेत, तिथे खातं आधारशी नीट जोडलेलं असेल तरच पैसे पडतात. लोक काय करतात, तिन्हीला मिळून "अर्ज केलाय" म्हणतात, आणि मग हॉस्पिटलात अडकलेल्या कामासाठी तहसीलला खेटे घालतात, तिथला माणूस म्हणतो अजून आलं नाही, आणि खरंच त्याच्याकडे काही आलेलंच नसतं. म्हणून माझ्याकडे कुणी आलं की पहिला प्रश्न मी एवढाच विचारते, शेवटचा कागद हातात कुठला मिळालाय? तो कागद बघितला की कुठे अडकलंय ते लगेच कळतं.

आता हॉस्पिटलचं बघू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे. जुन्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यामुळे थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन, ऍसिड हल्ला झालेले, शिकण्यात अडचण असलेली मुलं अशा कितीतरी लोकांना आता अर्ज करता येतो आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना अजून हे माहीतच नाही. विदर्भात सिकलसेलचे एवढे पेशंट आहेत, त्यांच्या घरच्यांना हे आवर्जून सांगा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा, जून २०२१ पासून प्रमाणपत्र ऑनलाइनच मिळतं, हाताने लिहिलेलं आता चालत नाही. अर्जाला आणि कार्डाला पैसे लागत नाहीत, सेवा केंद्रवाला फॉर्म भरायचे घेतो तेवढेच.

मुदतीचं म्हणाल तर २०१७ च्या नियमात लिहिलं होतं की अर्ज आल्यापासून एका महिन्याच्या आत प्रमाणपत्र द्यायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने ते नियम बदलले आणि एका महिन्याचे तीन महिने केले. मला हा बदल अजिबात पटलेला नाही. महिन्याभरात काम होत नव्हतं हे खरंच होतं, पण मग डॉक्टर वाढवायचे, बोर्डाचे, म्हणजे तपासणीला डॉक्टर एकत्र बसतात ते, दिवस वाढवायचे, तालुक्याला कॅम्प घ्यायचे, ते सोडून मुदतच वाढवली तर रांग तेवढीच राहते, फक्त तक्रार करायचा दिवस दोन महिने पुढे जातो. जो माणूस खाटेवर आहे त्याच्या घरात ते दोन महिने कसे जातात ते कागदावर दिसत नाही.

त्याच बदलात अजून एक गोष्ट आली, ती नीट लक्षात ठेवा. अर्ज दोन वर्षांपेक्षा जास्त नुसता पडून राहिला तर तो बाद धरतात आणि पुन्हा नव्याने करावा लागतो, मग भले उशीर हॉस्पिटलकडूनच झालेला असो. बरेच लोक एकदा तपासणीला जातात, कुठली तरी टेस्ट बाहेरून करून आणा म्हणतात, त्या टेस्टला पैसे नसतात, मग ते राहूनच जातं, आणि डोक्यात मात्र "माझा अर्ज आहे तिथे" असंच असतं. तुमच्या घरात असा जुना अर्ज असेल तर आजच पोर्टलवर नंबर टाकून स्थिती बघा. कार्डाचे रंगही तेव्हाच ठरले, ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. बहुतेक योजनांना ४० टक्के लागतात म्हणजे पांढऱ्या कार्डावर पगार सुरू होत नाही हे आधीच कळलेलं बरं.

प्रत्यक्षात वेळ जातो तो बोर्डाच्या दिवसात. जिल्ह्याच्या सिव्हिलला आठवड्यातला ठराविक वार असतो, त्या दिवशी हाडांचे, डोळ्यांचे, कान-नाक-घशाचे, मानसोपचाराचे डॉक्टर बसतात, आणि प्रत्येक आजाराचा वार वेगळा असू शकतो. चुकीच्या वारी गेलात तर पूर्ण आठवडा गेला. त्या वारी डॉक्टर रजेवर असले तर अजून एक आठवडा. मी एकदा सकाळी तिथे एका काकांच्या शेजारी बसले होते, शुगरमुळे पाय गुडघ्याखाली काढलेला, पहाटेच्या एसटीने मुलगा घेऊन आलेला, हातात पिशवी आणि पिशवीत सगळे पेपर, अगदी ऑपरेशनच्या आधीचे एक्स-रेसुद्धा. नंबर आला, डॉक्टरांनी पाय बघितला, काम पाच मिनिटांचं, आणि मग टेबलावरच्या माणसाने सांगितलं की आधारवर नाव वेगळं आहे आणि डिस्चार्ज कार्डवर वेगळं, हे जुळवून आणा. घरातलं हाक मारायचं नाव हॉस्पिटलात सांगितलेलं, तेच डिस्चार्ज कार्डवर गेलेलं. मुलगा म्हणाला साहेब पाय तर दिसतोय ना तुम्हाला. पाय दिसत होता, पण पोर्टल नाव बघतं. ते बाप-लेक तसेच परत गेले, आणि हे सगळं घरून निघायच्या आधी दहा मिनिटं पेपर समोर ठेवून बघितलं असतं तर टळलं असतं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं एवढंच. म्हणून सांगते, आधार, डिस्चार्ज कार्ड, केसपेपर, रेशनकार्ड, सगळ्यांवरचं नाव आणि जन्मतारीख एक आहे का ते अर्ज करण्याआधी बघा, नसेल तर आधी ते दुरुस्त करा.

अजून एक सोय खूप कमी लोकांना माहिती आहे. अर्ज राहत्या जिल्ह्यातच करायला पाहिजे असं नाही, ज्या सरकारी हॉस्पिटलात त्या आजाराचे उपचार चालू आहेत किंवा झालेत तिथेही करता येतो. म्हणजे पेशंट बीडचा असला आणि ऑपरेशन संभाजीनगरच्या सरकारी हॉस्पिटलात झालं असलं तर तिथेही चालतं, आणि मिळालेलं प्रमाणपत्र देशभर चालतं, कायद्यात स्पष्ट लिहिलंय. पेशंट स्वतः अर्ज करण्याच्या स्थितीत नसेल तर घरचा माणूस पालक म्हणून करू शकतो.

काही आजारांत उशीर हा नियमातच आहे, तिथे कुणाला दोष देऊन उपयोग नाही. लकवा मारला की लगेच दुसऱ्या महिन्यात प्रमाणपत्र मिळत नाही, निदान सहा महिने जाऊ द्यावे लागतात कारण तेवढ्या काळात हातपाय किती परत येतात ते बघायचं असतं. मानसिक आजाराला आयडियाज नावाची मोजपट्टी आहे, तिच्यात माणूस स्वतःचं किती करतो, लोकांशी बोलतो का, काम करतो का आणि आजार किती वर्षं आहे हे सगळं मोजतात, त्यामुळे जुने केसपेपर नसतील तर टक्केवारी कमी येते. हे फार महत्त्वाचं आहे, आपल्याकडे मानसिक आजाराचे पेपर लोक लाजेने फाडून टाकतात, आणि नंतर पुरावाच राहत नाही. लहान मुलांची बौद्धिक दिव्यांगता असेल तर प्रमाणपत्र तात्पुरतं देतात, वय पाच, दहा आणि अठरा झालं की पुन्हा तपासणी, अठराव्या वर्षी मिळतं ते कायमचं. कानाचं असेल तर बेरा टेस्ट (मशीनवर ऐकू येण्याची तपासणी) लागू शकते, ते मशीन सगळीकडे नसतं, मग मोठ्या शहराची तारीख मिळेपर्यंत थांबावं लागतं.

तपासणी होऊन मंजुरी मिळाली की प्लॅस्टिकचं कार्ड पोस्टाने यायची वाट बघू नका. पोर्टलवरून ई-कार्ड आणि प्रमाणपत्र डाउनलोड होतं, त्याची प्रिंट घेऊन लगेच पुढच्या कामाला लागा. पोस्टमन कार्ड आणेल तेव्हा आणेल.

आता नकार आला किंवा टक्के कमी आले तर काय. समजा ३५ टक्के आले, किंवा "पात्र नाही" म्हणाले. पहिली गोष्ट, तोंडी नकार घेऊन घरी यायचं नाही. अपात्र ठरवलं तर कारण लेखी द्यायचं असं नियमात आहे, ते मागून घ्या. दुसरी गोष्ट, २०१६ च्या कायद्याच्या ५९ व्या कलमात अपीलाचा हक्क दिलाय, अपील कुणाकडे आणि किती दिवसांत ते राज्य सरकार ठरवतं. म्हणून नकार हातात आला की त्याच आठवड्यात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावाने साधा अर्ज लिहा, की मला हा निर्णय मान्य नाही, माझं अपील कुणाकडे आणि किती मुदतीत करायचं ते लेखी कळवावं, आणि आवक शिक्का घ्या. नंतर बघू म्हणून ठेवलं की मुदत निघून जाते. अपीलात नुसतं "मला त्रास आहे, टक्के वाढवा" लिहून काही होत नाही. बोर्डाने काय बघितलं नाही ते लिहा, हाताची पकड तपासली नाही, तोल जातो ते चालवून बघितलं नाही, दुसरी दिव्यांगता आहे ती धरलीच नाही, आणि त्याला धरून नवा रिपोर्ट जोडा. टक्क्यांना एकेका सांध्याचं, एकेका हालचालीचं गणित असतं, केंद्राने मार्च २०२४ मध्ये त्याच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्यात, ओळखीचा हाडांचा डॉक्टर असेल तर त्याला तेवढं दाखवून विचारा की यात माझे किती बसतात. फेरतपासणीत टक्के कमीही होऊ शकतात हे डोक्यात ठेवा, ४२ चे ४५ करायला अपील करण्यात अर्थ नाही.

आणि एजंट. हॉस्पिटलच्या गेटवर कुणी म्हणालं एवढे द्या, ४० टक्के करून देतो, तर तिथून निघा. फसवून लाभ घेतला तर कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यात एजंट नामानिराळा राहतो आणि सापडतो तो प्रमाणपत्रावर ज्याचं नाव आहे तो.

आता तहसील. संजय गांधी योजना १९८० सालची, सामाजिक न्याय विभागाची आहे पण काम चालतं महसूलच्या माणसांमार्फत, तहसीलमधल्या संगायो (संजय गांधी योजना) शाखेत. दिव्यांगांसाठी अटी थोडक्यात अशा: किमान ४० टक्के, वय ६५ च्या आत, महाराष्ट्रात १५ वर्षं रहिवास, आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५०,००० पर्यंत. ६५ च्या पुढे श्रावणबाळ योजना. रक्कम जुलै २०२३ पासून महिना १,५०० होती, दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० केली. ज्यांचं प्रमाण ८० टक्के किंवा जास्त आहे आणि नाव दारिद्र्यरेषेखाली आहे त्यांना केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनमध्ये घेतात, त्यात केंद्राचे फक्त ३०० रुपये असतात, वरचे राज्य घालतं.

उत्पन्नाच्या अटीवर जरा बोलते, कारण तिथेच सगळ्यात जास्त फाइली पडतात. ५०,००० म्हणजे दिवसाला साधारण १३७ रुपये झाले, आणि ते एकट्याचे नाहीत, अख्ख्या कुटुंबाचे. घरात एक माणूस रोजंदारीला जात असला तरी तो आकडा ओलांडला जातो. म्हणजे ज्या घरात भाऊ किंवा नवरा राबतोय म्हणून चूल पेटते त्याच घरातल्या दिव्यांग माणसाला नाही म्हणायचं, असा तो हिशेब होतो. ही मर्यादा वाढायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ती वाढेपर्यंत उत्पन्नाचा दाखला हा या फाइलीतला सगळ्यात नाजूक कागद आहे. लग्न होऊन वेगळं राहणारा भाऊ, वेगळं रेशनकार्ड, हे सगळं तलाठ्याच्या चौकशीत नीट यायला पाहिजे, नाहीतर त्याचंही उत्पन्न तुमच्यात धरलं जातं. उत्पन्नाच्या दाखल्याला लोकसेवा हक्क कायद्याखाली १५ दिवसांची मुदत आहे, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्राची वाट बघताना हा दाखला आणि रहिवासाचा पुरावा काढून ठेवता येतो, एकामागून एक करत बसू नका. फक्त इतकाही आधी काढू नका की अर्ज भरेपर्यंत तो जुना होईल.

बायकांच्या बाबतीत एक वेगळी अडचण येते. लाडकी बहीणचे पैसे चालू असतील आणि संजय गांधीचाही अर्ज केला तर दोन्ही मिळत नाहीत, दुसऱ्या सरकारी योजनेतून १,५०० किंवा जास्त घेणाऱ्या बाईला लाडकी बहीण लागू नाही. दिव्यांग बाईला संजय गांधीत जास्त मिळतात, तेव्हा आधी तहसीलला विचारून मग ठरवा.

फाइल दिल्यावर काय होतं ते लोकांना माहीत नसतं म्हणून सांगते. आधी छाननी होते, काही कमी असेल तर त्रुटी निघते. त्रुटी निघाली हे तुम्हाला घरी येऊन कुणी सांगेलच असं नाही, फाइल त्रुटीच्या गठ्ठ्यात जाऊन बसते आणि महिने जातात. छाननीतून निघाली की ती तालुका समितीच्या मीटिंगपुढे जाते. समितीचा अध्यक्ष बिनसरकारी माणूस असतो, सचिव महसूलचा अधिकारी. मीटिंग लागली तर मंजुरी, लागली नाही तर सगळ्या तालुक्याच्या फाइली थांबतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली, समिती नव्याने नेमायची राहिली, की हेच होतं. म्हणून तहसीलला "माझं काय झालं" असं विचारू नका, त्याला "बघतो" एवढंच उत्तर मिळतं. असं विचारा: माझ्या फाइलीत त्रुटी आहे का, आणि पुढची मीटिंग कधी आहे. या दोन प्रश्नांना नेमकं उत्तर द्यावंच लागतं.

आणि पोहोच. हे मी सगळ्यांना हात जोडून सांगते. अर्ज देताना एक झेरॉक्स जास्त न्या आणि त्यावर आवक नंबर, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. खिडकीवरचा माणूस म्हणेल "कशाला पाहिजे, करून देतो ना." तेव्हा भांडायचं नाही, "भाऊसाहेब, घरचे विचारतात हो, तेवढा शिक्का मारून द्या" म्हणायचं आणि उभं राहायचं. ऑनलाइन केला असेल तर पावतीची प्रिंट जपून ठेवा. सगळ्या अपीलांचे दिवस या तारखेपासून मोजतात, तारीख नसेल तर उशीर झाला हे सिद्धच करता येत नाही. शिवाय पगार मंजुरीपासून पुढे सुरू होतो, वाट बघण्यात गेलेल्या महिन्यांचे पैसे मागून मिळत नाहीत, त्यामुळे फाइल जितके महिने पडून राहते तितके महिने त्या घराचं थेट नुकसान होतं. सहा महिने थांबली तर आजच्या दराने १५,००० रुपये गेले.

किती वेळ लागतो याचं माझ्या बघण्यातलं उत्तर असं. पाय नाही, दृष्टी नाही अशी सरळ केस आहे, कागद जुळतायत, तर सुरुवातीपासून पहिला पगार पडेपर्यंत पाच-सहा महिने धरून चाला. टेस्ट लागणारा आजार असेल, एखादी त्रुटी निघाली, मधे निवडणूक आली तर वर्ष. अपील करावं लागलं तर त्याच्या वर. याहून लवकर झालं तर छानच, पण घरचा हिशेब या अंदाजाने लावा, उसनं घेताना "पुढच्या महिन्यात पगार येईल" या भरवशावर घेऊ नका.

उशिराला औषध काय? महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ हे सगळ्यात धारदार हत्यार आहे. कुठली सेवा किती दिवसांत द्यायची, अधिकारी कोण, अपील कुणाकडे, याची यादी प्रत्येक कार्यालयात लावलेली असायलाच पाहिजे. तुमची सेवा त्या यादीत आहे का ते बघा, फोटो काढून ठेवा. असेल आणि मुदत संपली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. तिथे झालं नाही तर दुसरं अपील त्याहून वरच्याकडे. तरीही नाही तर ६० दिवसांत राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे. विनाकारण उशीर केलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि दंडाची रक्कम छोटी असली तरी ती त्याच्या नावावर लागते, म्हणून बऱ्याच वेळा पहिलं अपील टाकलं की फाइल हलते.

सेवा त्या यादीत नसेल तर माहिती अधिकार वापरा. दहा रुपयांचं तिकीट, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाही, आणि एवढंच विचारा: अमुक आवक नंबरच्या अर्जावर आजपर्यंत कुठल्या तारखेला काय कार्यवाही झाली त्याची प्रत द्या. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "उशीर का झाला" असं विचारू नका, का हा प्रश्न त्यात बसत नाही म्हणून परत येतो, कागद मागा. जोडीला लोकशाही दिन आहे, तालुक्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याला पहिल्या सोमवारी, पण ज्याचं अपील चालू आहे असं प्रकरण तिथे घेत नाहीत, म्हणून कुठला रस्ता धरायचा ते आधी ठरवा.

याच्याही पुढे पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत. २०१६ च्या कायद्याने राज्य आयुक्तांना चौकशीत दिवाणी कोर्टासारखे अधिकार दिलेत, ते खात्याला शिफारस करतात आणि खात्याने तीन महिन्यांत त्यावर काय केलं ते कळवायचं असतं. तक्रार साध्या कागदावर चालते. कोर्टात जायची वेळ आली तर दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही, हे १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, नाहीतर १५१०० ला फोन करा.

राहिली बँक. मंजुरीचं पत्र आलं आणि पैसे नाहीत, असं आता फार होतंय, कारण २०२५ पासून हे पैसे डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात, आधारवर पडतात. आधार बँकेत दिलंय म्हणजे जोडलंय असं नाही. केवायसीला आधार देणं वेगळं आणि एनपीसीआयमध्ये (बँकांमधले पैसे फिरवणारी संस्था) ते खातं डीबीटीसाठी लावणं वेगळं. दोन-तीन खाती असतील तर शेवटी जे लावलं असेल त्यात पैसे जातात, कितीतरी लोकांचे पैसे विसरलेल्या जुन्या खात्यात सापडलेत. बँकेत जाऊन "माझं आधार डीबीटीसाठी कुठल्या खात्याला लावलंय ते बघून सांगा" म्हणा, किंवा पोस्टात पेमेंट बँकेचं खातं उघडून तिथे लावून घ्या.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता किंवा बहुविकलांगता असलेलं मूल अठरा पूर्ण झालं की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, बँक अडवते. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्याला वेगळा वेळ लागतो, त्यामुळे अठरावा वाढदिवस झाला की लगेच अर्ज टाका.

पगार येईपर्यंत ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के दिव्यांग निधी मागता येतो. त्याला समितीची मंजुरी लागत नाही, यूडीआयडी कार्ड झालं की ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या आणि यंदा किती निधी आहे, कुणाला दिला ते विचारा.

आणि ज्यांचं प्रमाणपत्र तात्पुरतं आहे त्यांनी आत्ता उठून त्यावरची शेवटची तारीख बघा. ती उलटली की पगार थांबू शकतो, आणि नव्या प्रमाणपत्राला हॉस्पिटलकडे आता कायद्यानेच तीन महिने आहेत. म्हणजे संपायच्या निदान चार महिने आधी पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज गेलेला पाहिजे.